नीना ग्रिगोरियेव्नाचा डबा

ट्रॉय, मिशिगन
१७ सप्टेंबर २०२४

ती. प्रीताताई,
सा. न.

डब्यावर चिठ्ठी पंधरा डॉलरची होती. खरी किंमत अशी पडली: शनिवारी नोव्हायला विनयकडे गणपतीचं जेवण होतं, ते हुकलं. त्यात उकडीचे मोदक होते. तुमची धाकटी बहीण तीन दिवस माझ्याशी ‘हं’ आणि ‘नाही’ एवढंच बोलली. शिवाय डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, ते जाणार. हे सगळं धरूनही सांगतो, सौदा स्वस्तात पडला.

झालं असं. विनयकडे निघालो होतो. वाटेत एका घरापुढे ‘इस्टेट सेल’ची पाटी. म्हातारं माणूस घर सोडून लहान जागेत जातं आणि कंपनीवाले उरलेला संसार चिठ्ठ्या लावून मांडतात, ते हे. संध्या म्हणाली, “गाडी थांबवलीस तर बघ.” मी म्हटलं, “पाच मिनिटं.” तिनं घड्याळ लावलं. दीड तास झाला.

गॅरेजमध्ये हत्यारांचा एक पोलादी डबा होता. हातानं बनवलेला, कारखान्यातला नव्हे. कोपरे असे जुळवलेले की नख जाणार नाही. मी साताऱ्याच्या आयटीआयचा फिटर. आज माझ्या मशीन शॉपमध्ये बावीस माणसं कामाला आहेत, पण चांगला सांधा दिसला की अजून हात जोडावेसे वाटतात. माझ्याआधी शंभर माणसं त्या डब्यावरून गेली असतील. मी तो उचलला, कानाशी नेला आणि हलवला. आत काहीतरी वाजलं. पोलादावर पोलाद आपटतं तसं नव्हे, बारीक, गोड. चांदीचा आवाज, ताई! हा आवाज ओळखणारा कान अख्ख्या मिशिगनमध्ये एकच आहे आणि तो माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला आहे.

घरी आणून तळाचा पत्रा सोडवला (नख तिथेच गेलं). खाली दुसरा तळ. त्यात फ्लॅनेलच्या तुकड्यात घट्ट गुंडाळून, वर सुतळी बांधून ठेवलेलं एक मेडल आणि पत्त्याएवढी लाल पुस्तिका. अक्षरं रशियन. (गाठ सोडली नाही, सुतळी सरकवून काढली आणि फोटो काढून तशीच परत चढवली.)

आता तुमचं काम. ओझरला विमानाची रशियन मॅन्युअलं तुम्ही वीस वर्षं मराठी माणसांच्या डोक्यात घातलीत, हे तर त्या मानानं चिटोरं आहे. फोटो तुमच्या निमिषला पाठवलेत, तो मोठे छापून देईल. मेडल ज्याचं त्याला देणार, ते ठरलेलं आहे. घर नीना नावाच्या बाईंचं होतं, त्या आता साउथफील्डला वृद्धांच्या अपार्टमेंटमध्ये असतात. पण नुसता बिल्ला हातावर ठेवून यायचं नाही. कुणी, कुठे, कशासाठी मिळवला, ती सगळी हकीकत बरोबर न्यायची. शिपाई त्यांचा नवरा. नाव ग्रिगोरी झास्लाव्स्की. हे कसं शोधलं ते विचारू नका, धंद्यातलं गुपित आहे.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही पर्समध्ये ठेवता, असं निमिष सांगतो. मशीन पर्सला ऐकू येण्यासाठी नसतं.

आपला,
त्र्यंबक


नेपरव्हिल
२४ सप्टेंबर

प्रिय त्र्यंबकराव,

तुमचं पत्र वाचून मला मोदकांचं जास्त वाईट वाटलं. मशीनबद्दल बोलू नका. ते कानात घातलं की डिशवॉशर, सूनबाई आणि शेजाऱ्याचं कुत्रं एकाच पट्टीत ऐकू येतात. पत्र बरं. व्हॉट्सॲपवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता, त्याला उत्तर म्हणत नाहीत.

मेडलवर लिहिलंय, ‘रणकार्यातील सेवेबद्दल’. मागे नंबर आहे आणि पुस्तिकेतही तोच आहे, म्हणजे जोडी खरी. पुस्तिकेला कधीतरी पाणी लागलंय. आडनावाच्या जागी निळा ढग उरलाय. ‘ग्रिगोरी ओसिपोविच’ मात्र स्पष्ट आहे. म्हणजे ओसिपचा मुलगा ग्रिगोरी. आपल्यासारखंच, मधे बाप.

रशियन सैन्यखात्यानं युद्धातले जुने कागद स्कॅन करून ठेवलेत. साइट इथून उघडत नव्हती, निमिषनं काहीतरी युक्ती केली. तीन रात्री बसले. चाळीस वर्षांनी ती अक्षरं भराभर वाचता येताहेत हे बघून मला कैरी चोरल्यासारखा आनंद झाला. आणि सापडला! ग्रिगोरी ओसिपोविच झास्लाव्स्की, जन्म १९०८, घोडदळ. गोळीबारात मशीनगन घोड्यावर लादून नदीपार नेली.

पण पुढचं वाचा. फेब्रुवारी १९४३ मध्ये धारातीर्थी. वारस म्हणून नाव: पत्नी, क्लाव्दिया, मुक्काम सारातोव.

मग तुमच्या नीनाबाई कोण? त्र्यंबकराव, ते धंद्यातलं गुपित आता सांगाच.

प्रीता


ट्रॉय
१ ऑक्टोबर

ती. प्रीताताई,

तुमचं पत्र मी शॉपमध्ये वाचलं आणि खुर्चीत बसलो. घोडदळ! नदीपार मशीनगन! दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळात सांगायला काय गोष्ट मिळाली! आणि त्यात ही क्लाव्दिया.

गुपित असं. त्या घराच्या भिंतीवर पियानो शिकवण्याचं जुनं सर्टिफिकेट होतं. त्यावर इंग्रजीत नाव होतं नीना ग्रिगोरियेव्ना झास्लाव्स्की. बाईचं नाव, मधलं नाव, आडनाव. संध्या त्र्यंबक. प्रीता अवधूत. नीना ग्रिगोरी. मधलं नाव वाचलं की बाईचा नवरा कळतो, याला का रशियन लागतं? सेलवाल्या गोऱ्या मुलीला नव्हतं कळलं. आपल्याला कळतं.

तेव्हा हिशेब सरळ आहे. ग्रिगोरीच्या दोन बायका. एक सारातोवला, एक इथे. युद्धात माणूस कुठे कुठे फिरतो. मी न्यायाधीश नाही.

नीनाबाईंना फोन केला. आवाज खणखणीत आहे, वय कळत नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, “तुमच्या घरची एक वस्तू माझ्याकडे आलीय.” येत्या रविवारी, सहा तारखेला, दुपारी बोलावलंय. संध्या नारळाच्या वड्या करतेय. ती म्हणते, “क्लाव्दियाचं नाव काढलंस तर तुला तिथेच सोडून येईन.” मी म्हटलं, नाही काढणार. आधी वड्या, मग वीरमरण, मग मेडल. असा क्रम ठरवलाय.

आपला,
त्र्यंबक


नेपरव्हिल
४ ऑक्टोबर, तातडीचे

त्र्यंबकराव, जाऊ नका!

ग्रिगोरी तिचा नवरा नाही. बाप आहे, बाप! रशियात बाई जन्मभर बापाचं नाव लावते, लग्न झालं तरी. आपल्याकडे मी लग्नाच्या दिवशी वामन खाली ठेवला आणि अवधूत उचलला. तिथे बापाला कुणी खाली ठेवत नाही. झास्लाव्स्की हे तिच्या सासरचं आडनाव असणार, म्हणजे आपण भलत्याच माणसाला घोड्यावर बसवलं! तो बिचारा क्लाव्दियाचाच आणि क्लाव्दिया एकटीच.

सर्टिफिकेटचं पहिल्या पत्रात सांगितलं असतंत तर तिथेच थांबवलं असतं.

निमिष कामासाठी डेन्व्हरला गेलाय, सूनबाई माहेरी. माझा फोन गुरुवारी आमटीत पडला. पोस्टातली मुलगी म्हणते पत्र सोमवारी पोचेल. देवा, सोमवारी!

प्रीता


ट्रॉय
७ ऑक्टोबर

ती. प्रीताताई,

तुमचं तातडीचं पत्र आज, सोमवारी मिळालं. काल जाऊन आलो.

क्रमानं सांगतो. वड्या दिल्या. नीनाबाई लहानशा, ताठ, लाल स्वेटर, वय शहाऐंशी. मी उभा राहिलो, हात पुढे बांधले आणि म्हटलं, “मॅडम, तुमचे पती १९४३ साली घोड्यावरून नदी ओलांडून देशासाठी जे करून गेले, त्याबद्दल मी नतमस्तक आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग संध्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, “माझा नवरा सेम्योन चार वर्षांपूर्वी इथे, या शहरात, अंथरुणात गेला. सुपात मीठ कमी आहे म्हणून भांडत होता. घोड्याला तो घाबरायचा. आणि १९४३ मध्ये मी पाच वर्षांची होते.”

आणि ताई, हसल्या! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. संध्याही हसायला लागली, घरच्या माणसानं निदान थांबायला हवं होतं. मी मधल्या नावाची आपली पद्धत सांगितली, तशा आणखी हसल्या. “म्हणजे तुमच्याकडे लग्न झालं की बाप रिटायर?”

मग मी फ्लॅनेलची पुरचुंडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी सुतळीची गाठ बघितली आणि हसू थांबलं. म्हणाल्या, “ही गाठ माझे वडील बांधायचे.”

हकीकत अशी. वडिलांचं नाव ग्रिगोरी ओसिपोविच फेल्डमान, खारकिवचे. त्या शहराच्या बातम्या बाई आता टीव्हीचा आवाज बंद करून बघतात. १९७९ मध्ये नीना, सेम्योन आणि मुलगा देश सोडून निघाले. मेडलं देशाबाहेर न्यायला बंदी होती. वडील मागेच राहणार होते. ते म्हणाले, “मेडल मी सरकारी ऑफिसात देऊन टाकलं. तुमच्या प्रवासाला विघ्न नको.” मुलीला ते लागलं. आपल्यापायी बापानं तेवढी एक वस्तू दिली. प्रत्यक्षात त्यांनी जावयाच्या डब्याला दुसरा तळ केला होता आणि जावयालाही सांगितलं नव्हतं. माहीत नसलं की चेहरा खरा राहतो. नंतर दर पत्रात लिहायचे, “सेम्योनला म्हणावं, डब्याचा तळ साफ करत जा.” पत्रं वाटेत फोडली जायची, याहून उघड लिहिणं शक्य नव्हतं. आणि सेम्योन म्हणायचा, “सासरे इतक्या लांबून मला शिकवतात!” १९८१ मध्ये वडील गेले. तळ कुणी साफ केला नाही.

पंचेचाळीस वर्षं, ताई. आणि ते शेवटी पंधरा डॉलरला गॅरेजमध्ये मांडलं.

नीनाबाईंना एकच हवंय: मेडल मिळालं कशाबद्दल? वडील कधी बोलले नाहीत. विचारलं की म्हणायचे, “लवकर उठल्याबद्दल.” सेम्योन चिडवायचा, की सासरे लष्करात आचारी असणार, नाहीतर मेडल बाजारातून आणलेलं. ते थट्टेतलं, पण बाईंच्या मनात तो काटा तसाच राहिलाय. मला म्हणाल्या, “आचारी होते असं निघालं तरी सांगा. फक्त बाजारातलं नव्हे एवढं बघा.”

जाताना मला विचारलं, “तुमच्या वडिलांचं नाव?” मी म्हटलं, दगडू. तर म्हणाल्या, “या पुन्हा, त्र्यंबक दगडूयेविच.” माझ्या बापाचं नाव या देशात चाळीस वर्षांत कुणी तोंडानं घेतलं नव्हतं. फॉर्मवर नुसता ‘डी’ उरला होता. गाडीत बसल्यावर संध्यानं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, ऊन.

ताई, फेल्डमान. जन्म १९११, खारकिव. शोधा.

त्र्यंबक दगडूयेविच


नेपरव्हिल
२० ऑक्टोबर

प्रिय दगडूयेविच,

सापडला. या वेळी मी तुमचा एकही शब्द न पडताळता घेतला नाही. जन्मसाल जुळतं, गाव जुळतं आणि त्याच्या कार्डावर मेडलचा नंबर आहे, तो तुमच्या मेडलच्या पाठीवरचाच. बाजारातलं नाही. त्यांना आधी हे सांगा, मग वड्या.

आचारीही नाही. खाली वरिष्ठाच्या शिफारशीचं मराठी देतेय. ‘गिअरबॉक्स’, ‘लेथ’, ‘स्पिंडल’ हे रशियन शब्द मला ओझरमुळे झोपेतही येतात. दुसरं कुणी असतं तर कोशात डोकं घालून बसलं असतं.

“सार्जंट फेल्डमान ग्रिगोरी ओसिपोविच, फिरत्या रणगाडा-दुरुस्ती कारखान्यातील टर्नर. जानेवारी १९४४ मध्ये, उणे अठ्ठावीस तापमानात, ट्रकवर बसवलेल्या लेथवर नऊ दिवसांत अकरा गिअरबॉक्सचे भाग तयार केले. लेथच्या स्पिंडलमध्ये बिघाड झाला असता, लाकडी काठीचे एक टोक यंत्राला व दुसरे कानाला लावून दोष शोधला व स्वतः दूर केला. यंत्राचे तेल गोठत असल्याने रोज इतरांच्या दोन तास आधी उठून ते शेगडीवर तापवत असे. त्यामुळे एकही पाळी उशिरा सुरू झाली नाही. गोळीबाराच्या वेळी लेथ सोडला नाही.”

दोन तास आधी उठून, त्र्यंबकराव! तो मुलीला खरंच सांगत होता.

सोबत मूळ रशियन मजकूर माझ्या अक्षरात उतरवून दिलाय. तो त्यांना स्वतःला वाचू द्या. तुम्ही मधे बोलू नका.

प्रीता


ट्रॉय
२८ ऑक्टोबर

ती. प्रीताताई,

मधे बोललो नाही. संध्या साक्षीला आहे.

आधी सांगितलं, बाजारातलं नाही. त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. मग तुमचा कागद मोठ्यानं वाचला. मला अक्षर कळत नव्हतं, पण आवाज कळतो. एके ठिकाणी आवाज थांबला. मग तेच वाक्य पुन्हा, आणि आणखी एकदा. मी तुमच्या मराठी कागदावर बोट ठेवून अंदाज घेतला: तेल तापवण्यापाशी. विचारलं, तर तेच. मग म्हणाल्या, “सेम्योन इथे हवा होता. मी त्याला पहाटे पाचला उठवून हे वाचून दाखवलं असतं.”

आणि तो काठीचा प्रकार! ताई, मी तेच करतो. लांब स्क्रूड्रायव्हर, टोक मशीनला, मूठ कानाला. शॉपमधली पोरं सेन्सर लावतात आणि मला हसतात. उद्या त्यांना एक फेल्डमान वाचून दाखवणार आहे. एका बिरादरीचा माणूस निघाला. घोडा आणि मशीनगन गेली याचं आता मला काडीचं दुःख नाही.

नऊ नोव्हेंबरला मंडळाचा दिवाळी कार्यक्रम. नीनाबाई येणार आहेत, पियानो वाजवणार आहेत. डबा टेबलावर ठेवणार, मेडल त्यांच्या स्वेटरवर. हकीकत मी सांगणार. तुम्ही निमिषला घेऊन यायलाच हवं. त्यांना रशियनमध्ये बोलायला माणूस हवंय आणि मला चांदीच्या आवाजाची गोष्ट सांगताना समोर आपलं कुणीतरी हवंय.

मशीन आणा.

त्र्यंबक


नेपरव्हिल
१३ नोव्हेंबर

प्रिय त्र्यंबकराव,

सुखरूप पोचलो. संध्यानं बांधून दिलेल्या चकल्या गाडीत इंडियाना येईपर्यंत टिकल्या.

कार्यक्रम फार छान झाला. नीनाबाईंनी वाजवलेलं मी पियानोवर हात ठेवून ऐकलं, त्यांनीच ठेवायला सांगितला. बसायला आम्ही दोघी कोपऱ्यात होतो आणि तीन तास बोललो. त्या आधी कागदावर लिहून, नंतर तोंडानं, ओठ नीट दिसतील अशा. मला ‘प्रीता वामनोव्ना’ म्हणाल्या. वडील जाऊन छत्तीस वर्षं झाली. तेवढ्यासाठी दरवर्षी येईन.

तुम्ही स्टेजवर छाती पुढे काढून डबा कानाशी नेलात, हलवलात आणि ‘चांदी!’ म्हणालात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नीनाबाईंनी मात्र रुमाल तोंडाला लावला होता, तो का ते मी विचारून घेतलं.

त्यांनी सांगितलं ते तुमच्या सात ऑक्टोबरच्या पत्रात नव्हतं, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी तुम्हाला हे ऐकवलं होतं म्हणे. डबा पहिल्या दिवसापासून वाजतो. बाजूच्या दोन पत्र्यांच्या मधे एक वॉशर सुटलाय. खारकिवच्या कस्टमवाल्यानं डबा हलवून विचारलं होतं, “काय वाजतंय?” सेम्योन म्हणाला, “वॉशर असेल.” त्यानं वैतागून सोडून दिलं. पुढे सेम्योननं डब्यात चिंध्या कोंबल्या, तरी वाजायचा. शिकवणीच्या वेळी त्या गॅरेजचं दार लावून घ्यायच्या, कारण सेम्योननं डबा हलवला की तो नेहमी सुराच्या जरासा खाली लागायचा. मेडल तर बापाच्या हातच्या सुतळीनं फ्लॅनेलमध्ये आवळलेलं. ते वाजणार कशानं?

म्हणून कार्यक्रम संपल्यावर, तुम्ही खुर्च्या उचलत होतात तेव्हा, संध्या आणि मी टेबलाशी गेलो. मेडल नीनाबाईंच्या स्वेटरवर होतं, डबा रिकामा होता. मी तो उचलून हलवला.

मशीन पर्समध्ये होतं. मला ऐकू आलं.

प्रीता वामनोव्ना